गिरणगावाने डॉक्टरांना का मानले?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले व्याख्यान)



निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. हातावर पोट असलेला कष्टकरी माणूस मोठमोठी आश्वासने देणाऱ्या पुढाऱ्याच्या मागे का जातो? विचारणाऱ्याच्या आवाजातच पुष्कळदा उत्तर दडलेले असते. बिचारे अडाणी लोक, भाषणाला भुलतात, झाले! मला हे उत्तर कधीच पटलेले नाही. जी बाई कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तीन गाड्या पालथ्या घालते, ती आणि तिचा नवरा मत देताना मात्र डोळे मिटून घेतात, हे कसे खरे मानावे? त्यांचा काही हिशेब असलाच पाहिजे. तो आपल्याला दिसत नाही, एवढेच.

अशा पुढाऱ्यांना विद्वान मंडळी लोकानुनयी म्हणतात. ते सर्व देशांत होतात. अर्जेंटिनात 1943 नंतर पेरॉन यांनी मजूरखाते हाती घेतले आणि कामगारांना वर्षाकाठी एका महिन्याचा जादा पगार मिळवून दिला. त्यांच्या पत्नी एव्हा यांच्या संस्थेने गरीब बायकांना शिवणयंत्रे वाटली. तिथला कामगार त्या दांपत्याला पुढे कितीतरी वर्षे विसरला नाही. पण आपण एवढ्या लांब कशाला जावे? लालबाग-परळ आपल्या डोळ्यांसमोर आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला उभारायला घेतली. तेव्हापासून सव्वाशे वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, शिवडी हा सारा मुलूख भोंग्यावर जागा होऊ लागला. 1981 साली सुमारे अडीच लाख माणसे या गिरण्यांत काम करीत होती. ही माणसे संघटनेला नवखी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संस्था काढली, आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी दुपारी जरा पाठ टेकतो, त्यात त्या लढ्याचा वाटा आहे. 1928 साली सहा महिने संप चालला, त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तेव्हा ज्यांच्या आजोबांनी असे संप केले, त्यांना कोणी चार वाक्ये बोलून फसवले, असे म्हणणे म्हणजे त्यांची ओळखच नसणे होय.

आता त्या काळातील कामगाराची स्थिती पाहा. गिरणीचा पगार एके काळी चांगला समजला जाई. महागाई भत्ता होता, कोकणात आणि घाटावर मनीऑर्डर जात होती, मुलीला स्थळ सांगताना ‘गिरणीत कायम आहे’ एवढे म्हटले तरी पुरे होई. पण 1970 नंतर उपनगरांतील यंत्रांचे, औषधांचे, मोटारींचे कारखाने पगारात गिरण्यांच्या पुष्कळ पुढे गेले. एकाच चाळीत शेजारच्या खोलीतला पंचविशीचा मुलगा साच्यावर केस पिकवलेल्या माणसापेक्षा जास्त पैसे आणू लागला. दारिद्र्य एकवेळ माणूस सोसतो, पण आपली पायरी खाली गेलेली सोसत नाही.

त्यातून ‘बदली’ हा प्रकार. तुमच्यापैकी काहींच्या घरी हा शब्द ठाऊक असेल. बदली कामगाराने पाळीच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहायचे. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर डबा तसाच घेऊन परतायचे. महिन्यात किती दिवस भरतील ते देवालाच ठाऊक! असे करताकरता काहींची दहा-दहा वर्षे गेली. घरी बायको दळण किती आणू म्हणून विचारते, आणि याला सांगता येत नाही. अशा माणसाला सर्वांत जास्त काय टोचत असेल? मला वाटते, पैशांपेक्षाही, आपल्याला कोणी विचारीत नाही हे टोचते.

त्याची दाद लावायला संघटना नव्हती का? होती, आणि कायद्याने मान्य केलेली होती. तिथेच खरी मेख आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा 1946 साली झाला. त्याप्रमाणे एका भागातील एका धंद्यात एकाच संघटनेला मालकाशी बोलण्याचा अधिकार. गिरण्यांत तो अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. सततची भांडणे टळावीत, हा हेतू वाईट नव्हता. पण परिणाम असा झाला की कामगाराचा विश्वास उडाला तरी ती संघटना जागची हलेना. दुसऱ्या कोणाला बोलणी करण्याचा हक्क नाही, आणि तिच्या संमतीवाचून केलेला संप बेकायदा. घराचा पुढचा दरवाजा असा बाहेरून बंद झाल्यावर माणूस खिडकीतून हाका मारणारच.

1981 च्या दिवाळीला बोनसचा तंटा झाला. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमधले कामगार उठले आणि थेट घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. डॉक्टर मूळचे मालवणकडील देवबागचे. घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचा दवाखाना होता, आणि खडीच्या खाणींत काम करणारे मजूर त्यांचे रोगी. जखमी हातापायांवर पट्ट्या बांधता बांधता ते त्या मजुरांचे पुढारी झाले. 1972 साली काँग्रेसतर्फे आमदार झाले, तरी पुढे आणीबाणीत तुरुंगात गेले. कारखान्यांमध्ये त्यांनी मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. गिरणीच्या लढ्यात उडी घेण्याची त्यांना फारशी घाई नव्हती, कामगारांनीच त्यांना ओढून आणले, असे त्या वेळचे पुष्कळ लोक सांगतात. हे मला महत्त्वाचे वाटते. आपण समजतो की पुढारी येतो आणि लोकांना मागे नेतो. इथे लोक आधी निघाले होते, त्यांना पुढे चालणारा माणूस हवा होता.

डॉक्टरांबद्दल एक गोष्ट सर्वश्रुत होती. मालकाने ताळेबंद पुढे केला की ते तो पाहत नसत. तुमचे हिशेब तुमच्यापाशी, माझ्या माणसाला इतके द्या! शिकलेल्या मंडळींनी यावरून त्यांना फार नावे ठेवली. धंद्याची ऐपत न पाहता मागणी करणे बेजबाबदारपणाचे आहे, हे खरेच. पण भगिनींनो, ज्या घरात बँकेचे पुस्तक नवऱ्याच्या कपाटात कुलपात असते, त्या घरातील बाईला विचारा. वीस वर्षे तिने ‘परवडत नाही’ एवढेच ऐकलेले असते. परवडत नाही म्हणणाऱ्याच्या अंगावर मात्र नवे कपडे चढत असतात. काही दिवसांनी ती पुस्तक पाहायला मागायचे सोडून देते. ती म्हणते, पोराची फी भरायची आहे, पैसे ठेवा. गिरणगावचेही तसेच झाले होते. कित्येक मालकांनी नवी यंत्रे घातली नाहीत, गिरणीतला पैसा दुसऱ्या धंद्यांत वळवला, हे कामगार रोज डोळ्यांनी पाहत होता. जुन्या साच्यावर तोच तर उभा होता. अशा वेळी ताळेबंदाकडे पाठ फिरवणारा माणूस त्याला बेजबाबदार वाटला नाही, आपला वाटला.

याच वस्तीत याच्या आधी दुसरी एक लाट येऊन गेली होती. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली. गिरणी कामगारांची मुले तोवर मॅट्रिक होऊ लागली होती. त्यांना साच्यावर उभे राहायचे नव्हते, आणि कचेरीत जागा मिळत नव्हती. ‘मार्मिक’मध्ये कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत, त्या ही मुले वाचीत. आपले दुःख आणि त्याला जबाबदार माणूस, दोन्ही एकदम हाती आले. माझे मत विचाराल तर कारकुनाच्या जागा किती निघाव्यात हे काही माटुंग्याच्या शेजाऱ्याने ठरवलेले नव्हते, आणि त्याच्यावर राग काढून जागा वाढणारही नव्हत्या. तरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नळाला पाणी नाही, पोराला शाळेत घेत नाहीत, रात्री दुखणेकऱ्याला दवाखान्यात न्यायचे आहे, तर हाक मारण्यासारखे कोपऱ्यावर कोण होते? शाखा होती. ज्याला साहेबाच्या दाराशी चिठ्ठी घेऊन ताटकळावे लागते, त्याला दार उघडे असण्याची किंमत कळते.

1970 च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागी पोटनिवडणूक झाली, तीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गंमत अशी की गिरणीत लाल बावट्याची वर्गणी भरणारा कामगारच वस्तीत भगव्याला मत देत होता, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हते. पगाराला एक माणूस, पोराच्या नोकरीला दुसरा. घरातही आपण सगळीच दुखणी एका वैद्याकडे नेत नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि वर्ष उलटून गेले तरी चाललाच. सरकारने कायदा बदलला नाही, डॉक्टरांशी तडजोडही केली नाही. मालकांना जुन्या गिरण्या बंद राहिल्याचे फारसे दुःख नव्हते. संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीरही केले नाही, तो तसाच विरून गेला. लाखाहून अधिक माणसांचे काम कायमचे गेले.

इथे बायकांचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुरुष गावी गेले, बायका खोली धरून राहिल्या. आधी तांब्यापितळेची भांडी गेली, मग दागिना गेला. कोणी भाजी विकली, कोणी धुणीभांडी धरली. गिरणगावात पूर्वीपासून खानावळवाल्या बाया होत्या. घरच्याच चुलीवर त्या एकट्यादुकट्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालीत, पैसे पगाराच्या दिवशी घेत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे यांतल्या कित्येकींची सावकाराच्या व्याजातून मान सुटू लागली होती. संप लागला आणि जेवणारे उधारी ठेवून गावाला गेले. त्या उधारीची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही.

आणि तरीही 1984 च्या डिसेंबरात, काँग्रेसची देशभर लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईतून डॉ. सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले! संप बुडाल्यावर निवडून आले. भुललेल्या माणसाचे डोळे तोवर उघडायला हवे होते. लोकांचा हिशेब निराळा होता: हरला, पण आपल्याला विकून मोकळा झाला नाही. 1997 च्या जानेवारीत त्यांची हत्या झाली, तेव्हाही अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली होती.

मग दोष कुठे? माझ्या मते दोष सगळा भार एका माणसाच्या शब्दावर टाकण्यात होता. थांबावे केव्हा, थोडक्यात भागवावे केव्हा, हे ठरवायला त्यांच्याखाली दुसरी फळी नव्हती, आणि फाटकावरच्या बदलीवाल्याला किंवा खानावळवालीला ते कोणी विचारले नाही. जुन्या संघटनेविषयी तक्रार हीच होती की आम्हाला विचारीत नाहीत.

याच्याशेजारी 1972 सालचे लाटणे मोर्चे ठेवून पाहावेत. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध हजारो बायका रस्त्यावर आणल्या. तिथेही गर्दी होती, घोषणा होत्या, मंत्र्यांची भंबेरी होती. मृणालताई तर 1977 साली खासदार झाल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. यालाही कोणी लोकानुनय म्हणेल. फरक एवढाच की तिथली मागणी तेल, साखर, रॉकेल आणि नळाचे पाणी अशी होती. मिळाले की नाही, ते त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात कळत असे. ज्या मागणीचा पडताळा घरच्या घरी घेता येतो, तिच्यात पुढाऱ्याला फार काळ हवेत राहता येत नाही.

गिरण्यांच्या जमिनींवर आज मोठमोठे बाजार आणि मनोरे आहेत. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर जे गिरणीत कामावर होते, त्यांच्यासाठी त्या जमिनींतून घरे द्यायचे ठरले, आणि 2012 साली म्हाडाने मोठी सोडत काढली. अर्ज लाखाच्या वर, घरे हजारांत. अर्जाला कामावर असल्याचा पुरावा हवा. तिकीट नंबर, पगाराची पावती, विम्याचे कार्ड, फंडाचा कागद. पुष्कळ घरी कामगार हयात नव्हता, आणि ट्रंकेच्या तळाशी तो कागद जपून ठेवणारी त्याची बायको होती. आपल्या मंडळातही अशा दोघी-तिघी असतील. त्यांनी ते कागद कोणा मध्यस्थाच्या हाती मूळ प्रतीत देऊ नयेत, हे जाता जाता सांगते. पण चाळीस वर्षे कागद सांभाळलेल्या त्या बाईला उद्या कोणी व्यासपीठावरून म्हणाले, ‘तुमचे घर मी मिळवून देतो’, तर ती मान वळवून त्याच्याकडे बघणारच.