पाठीला माती लागली तर?

श्रोतेहो, आमच्या नाशिकचा माझा एक विद्यार्थी पहिल्याच कुस्तीत चीतपट झाला आणि तालीम सोडायला निघाला. मी त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल मातीत वाढलेले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढावे लागले. ते सहावे आले. पण १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलेच!

तेव्हा पोरांनो, हरलात तर कोणत्या डावाने पडलो ते वस्तादांना विचारा. त्याची तोड जोडीदाराबरोबर रोज घोटा. वजन उतरवायला उपाशी मात्र राहू नका. आणि गुरुजनहो, हरलेल्या पोराला एवढेच विचारा, "उद्या येतोस ना?" माझा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पहाटे आला होता.