मुक्त संवाद आणि बलाढ्य पाहुणा



ई-मेल पाठविताना समोरच्याचे खाते कोणत्या कंपनीकडे आहे, याचा विचार कोणी करीत नाही. पत्र पोहोचते, कारण त्याचे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. समाजमाध्यमांत मात्र प्रत्येक कंपनीने आपल्या वाड्याभोवती तट उभारला. त्याला पर्याय म्हणून विकेंद्रित माध्यमे पुढे आली. जर्मनीत युजेन रोचको या तरुणाने २०१६ मध्ये ‘मॅस्टोडॉन’ सुरू केले. व्यक्ती आणि लहान संस्था आपापले सर्व्हर चालवितात. ‘ॲक्टिव्हिटीपब’ ही खुली नियमावली त्यांना जोडते. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला मान्यता दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरच्या कारभारावर नाराज झालेले अनेक भारतीयही तिकडे वळले होते.

जुलै २०२३ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने ‘थ्रेड्स’ आणले आणि हीच नियमावली स्वीकारण्याचा मनोदय जाहीर केला. पाच दिवसांत थ्रेड्सची सभासदसंख्या दहा कोटींवर गेली. मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपान येथील सभासदांना आपले लेखन मॅस्टोडॉनपर्यंत पोहोचविण्याची सोय मिळाली. वरवर पाहता हा खुल्या नियमांचा विजय होय. परंतु पाहुण्याच्या गळ्यात हार घालण्यापूर्वी इतिहासाचे एक पान उलटणे आवश्यक आहे.

१९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी ‘जॅबर’ ही संदेशव्यवस्था जगासमोर ठेवली. तिचीच नियमावली पुढे ‘एक्सएमपीपी’ या नावाने प्रमाणित झाली. २००५ मध्ये गूगलने ‘गूगल टॉक’ याच नियमांवर उभारले आणि २००६ मध्ये इतर सर्व्हरसाठी दार उघडले. छोट्या सर्व्हरवरील माणसे गूगलच्या सभासदांशी बोलू लागली. आनंदीआनंद झाला! पण पारडे कधी झुकले, ते ध्यानात आले नाही. बहुतेकांचे मित्र गूगलकडे होते. त्यामुळे गूगल जे करील, तेच प्रमाण ठरू लागले. सर्व्हरांमधील संदेश गुप्तलिपीत पाठविण्याची सोय गूगलने स्वीकारली नाही, म्हणून इतरांनाही थांबावे लागले. मे २०१३ मध्ये गूगलने ‘हँगआउट्स’ आणले आणि त्यात हा सेतू ठेवलाच नाही. छोट्या सर्व्हरवरील माणसांचे मित्र हळूहळू पैलतीरी राहिले.

जॅबरच्या ऱ्हासाचे सारे खापर गूगलवर फोडणे न्यायाचे नाही. स्मार्टफोनने संवादाची रीतच पालटली. व्हॉट्सॲपनेही एक्सएमपीपीचाच पाया घेतला, पण दार बंद ठेवले. तथापि धडा स्पष्ट आहे. बलाढ्य कंपनीला खुली व्यवस्था मोडावी लागत नाही. ती आत येते, इतरांना आपल्या गर्दीची सवय लावते आणि एके दिवशी निघून जाते. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बिळातच राहतो. हा पाहुणा जाताना घरातली माणसेच घेऊन जातो.

धोका एवढाच नाही. देणग्यांवर चालणाऱ्या सर्व्हरच्या स्वयंसेवकांवर कोट्यवधींच्या लेखनातील शिवीगाळ आणि अपप्रचार निवडण्याचा भार पडू शकतो. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीच्या हाती बाहेरच्यांचेही लेखन जाते.

म्हणूनच अनेक सर्व्हरचालकांनी २०२३ मध्येच थ्रेड्सशी संबंध न ठेवण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. रोचको यांनी मात्र थ्रेड्सच्या येण्याचे स्वागत केले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दार लावून घेतले तर नवा माणूस येणार नाही. सताड उघडे टाकले तर घर आपले राहणार नाही.

कसोटी एकच आहे. उद्या तो पाहुणा निघून गेला, तर घर उभे राहील काय? त्यासाठी नियमावली एका कंपनीच्या सोयीने वाकता कामा नये. सर्व्हर बदलण्याची सभासदाची मोकळीक वाढली पाहिजे. आज मॅस्टोडॉनवर अनुयायी सोबत नेता येतात, जुने लेखन नेता येत नाही. आणि फुकट मिळते म्हणून वापरणाऱ्यांनी सर्व्हरच्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे. ज्या घराचा खर्च घरातील माणसे उचलीत नाहीत, त्याचा मालक कोणी तरी दुसराच होतो.