द्राक्षाची चव



आजच्या व्याख्यानाचा विषय चौकातल्या फलकावर लागला, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला रस्त्यातच थांबवले. "अहो, गुत्त्यांविरुद्ध मोर्चे काढता काढता तुमचे केस पिकले, आणि आता व्याख्यानमालेत दारू शिकवणार काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत माणसाचा खिसा कसा रिकामा होतो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. आमचे ऐकून न पिणाऱ्या कोणी पिऊ लागावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. मद्यार्काचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. एवढे बोलून ठेवले म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल.

आधी नावाचा घोळ काढून टाकू. आपल्याकडे ज्या दुकानावर 'वाइन्स' अशी पाटी असते, तेथे फळ्या भरलेल्या असतात रमने आणि व्हिस्कीने. खरी वाइन कोपऱ्यात धूळ खात उभी असते. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांचा रस आंबवून झालेले पेय. ती भट्टीवर चढवून गाळलेली नसते. तिच्यात मद्यार्क बहुधा शेकडा १२ ते १४ असतो. आपल्या वैद्यांचे द्राक्षासव हे तिचे लांबचे नातेवाईक म्हणता येईल.

आम्हांला ही ओळख कोणा श्रीमंताच्या मेजवानीत झाली नाही. आम्ही शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण फाटकसभांत आणि नगर वाचनालयात झाले. काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका वाइन कारखान्यात अपघात झाला, म्हणून आम्हांला बोलावणे आले. कारखान्याचे नाव येथे घेत नाही. रस आंबताना कर्बवायू सुटतो, एका लिटरमागे चाळीस-पन्नास लिटर. हा वायू हवेहून जड, त्यामुळे तो टाकीच्या तळाशी साचून राहतो. लाल वाइन साली-बियांसकट आंबवतात. रस काढून घेतला की तळाचा चोथा फावड्याने ओढण्यासाठी माणसाला टाकीत उतरावे लागते. वायू न मोजताच एका पोराला उतरवले. तो आतच कोसळला. जोडीदाराने वरून दोर टाकण्याऐवजी स्वतः उडी घेतली असती, तर दोघेही गेले असते. त्याने दोर टाकला, पोरगा वाचला.

वायू मोजण्याचे यंत्र, टाकीत हवा सोडणारा पंखा आणि तोंडाशी दुसरा माणूस, एवढ्या तीन मागण्यांसाठी आम्ही चार दिवस त्या कारखान्यात बसून होतो. मागण्या मान्य झाल्या. पण व्यवस्थापनाची वाट पाहत बसलो असताना तोच दोर टाकणारा कामगार आम्हांला तळघरात घेऊन गेला. पिंपातून काचेच्या नळीने थोडी वाइन काढून त्याने पेल्यात ओतली. आम्ही सवयीने एकदम घोट घेणार, तोच म्हणाला, "भाऊ, औषध नाही ते. आधी वास घ्या. मग तोंडात फिरवा. गिळायचं नसलं तर थुंका, आम्ही दिवसभर थुंकतोच."

त्याने जे शिकवले, ते कोणालाही जमण्यासारखे आहे. नाक दाबून सफरचंदाची फोड खाऊन पाहा. गोड-आंबट कळेल, पण सफरचंद हरवेल. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशाच्या मागून नाकाकडे जाणारा वास असतो. जिभेला वाइनमध्ये प्रथम सापडते आंबटपण. ते चांगले असेल तर चिंच पाहिल्यासारखे तोंडाला पाणी सुटते. मग तुरटपणा, तो सुपारीचा किंवा कच्च्या केळ्याचा, हिरड्या ओढून धरणारा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून लाल वाइनमध्ये अधिक असतो. शेवटी घशातली ऊब, ती मद्यार्काची. या तिघांपैकी एकानेच आरडाओरडा करू नये, एवढे पाहिले म्हणजे निम्मे काम झाले.

आता पुस्तके सांगतात की अमुक वाइनला 'ब्लॅककरंट'चा गंध येतो. आम्ही तर ते फळ पाहिलेलेही नाही! उधार शब्द कशाला? शिराज द्राक्षाच्या वाइनला पुष्कळदा काळ्या मिऱ्याचा वास येतो, आणि तो भास नसतो. मिऱ्यातील आणि द्राक्षाच्या सालीतील सुगंधी द्रव्य एकच, असे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास ओळखायला आपल्या घरच्या बाईला कोणा पंडिताची गरज नाही.

पंडितांचेही एक गुपित आहे. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांपुढे पांढरीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून ठेवली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. आणि २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावे झाकून चव घेतली, तेव्हा लाल आणि पांढऱ्या दोन्ही वर्गांत पहिल्या आल्या त्या कॅलिफोर्नियाच्या वाइन. चिठ्ठी झाकली की जीभ खरे बोलते.

हिंडून पाहायचे तर आम्ही आधी जॉर्जियात जाऊ. तेथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले आहेत. 'क्वेव्री' नावाचे मोठे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांत द्राक्षे सालींसकट आंबवतात; २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला वारशाच्या यादीत घेतले. पांढरी द्राक्षेही सालींसकट ठेवल्यामुळे वाइन अंबरासारखी पिवळट तांबूस होते, आणि चक्क चहासारखी तुरट लागते. तेथून मदैरा बेटावर. गलबतांतून उष्ण समुद्र ओलांडून आलेली पिंपे खराब होण्याऐवजी सुधारून आली, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून ती वाइन मुद्दाम उष्णतेत ठेवतात. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि गुळाच्या काकवीचा वास. बाटली उघडली तरी महिनोन्‌महिने टिकते, म्हणजे आपल्या उन्हाळ्याला ही सोयीची.

पण आमचे मन रमते ते फ्रान्सच्या दक्षिणेला, लाँगदॉक प्रांतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या वेलींची मुळे खाल्ली. उपाय सापडला तोही अमेरिकन मुळावर युरोपी वेलीचे कलम करण्याचा. (आपला नाशिकचा बागाईतदार 'डॉगरीज'च्या खुंटावर द्राक्षाचे कलम करतो, तो खुंटही अमेरिकेचाच.) मात्र टंचाईच्या काळात साखर, पाणी आणि भिजवलेले बेदाणे यांची बनावट वाइन करण्याची चटक लागली ती सुटेना. नव्या बागा भरभरून पिकू लागल्या, त्यात ही भेसळ, आणि भाव कोसळले. शेतकरी बुडाला, त्याच्या बागेत राबणारा मजूर त्याच्याही आधी बुडाला.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या गावातून ८७ माणसे नार्बोन शहराकडे पायी निघाली. पुढे मार्सेलँ आल्बेर, बागही असलेला एक कॉफीगृहवाला. मग दर रविवारी सभा, आणि प्रत्येक सभा मागच्यापेक्षा मोठी. ९ जूनला माँपेलिए येथे पाच-सहा लाख लोक जमले असा अंदाज केला जातो. आम्ही आयुष्यभर सभा भरवल्या, पण हा आकडा वाचून आमचा तर श्वासच अडकला! मालक आणि मजूर एका झेंड्याखाली चालत होते, हेही आम्हांला जरा खटकते. पण उपाशी पोटांनी ते जुळवले. १९ व २० जूनला नार्बोनमध्ये लष्कराने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. बातमी ऐकून सतराव्या पायदळ पलटणीतील शेकडो शिपाई बंड करून आग्दहून बेझिएपर्यंत चालत गेले. ते त्याच प्रांताची पोरे होती, आपल्याच आईबापांवर बंदूक कशी रोखणार? त्यांना पुढे ट्युनिशियातील गाफ्साला धाडण्यात आले.

आल्बेर लपतछपत पॅरिसला गेला आणि पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटला. क्लेमांसोंनी परतीच्या भाड्यासाठी त्याच्या हातावर १०० फ्रँक ठेवले आणि पत्रकारांना ते सांगून टाकले. झाले! गावाकडे तो विकला गेलेला माणूस ठरला. आमच्या धंद्यातल्या माणसाने ही हकीकत पाठच करून ठेवावी: बोलणी करायला एकट्याने जाऊ नये, आणि चहाचेही पैसे आपले आपण द्यावेत. तरीही चळवळ फुकट गेली नाही. २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि सप्टेंबरच्या हुकुमाने ठरले की ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या आंबवण्याने झालेल्या पेयालाच वाइन म्हणता येईल. मघाशी आम्ही जी व्याख्या सांगितली, ती कागदावर अशी पक्की झाली.

त्या आर्जेलिएच्या परिसरातली वाइन 'मिनर्वा' या नावाने विकली जाते. तिच्यात कारिन्याँ नावाचे द्राक्ष असते. पूर्वी केवळ भरपूर पिकते म्हणून लावलेले, आता जुन्या वेलींचे असेल तर नावाजलेले. गडद, आंबटसर, तुरट. तिला थंडगार करू नये, नुसती माठाच्या पाण्याइतकी करावी, आणि मटणाच्या रश्श्याबरोबर घ्यावी. तिकडच्या टेकड्यांवर थाइम नावाची रानटी वनस्पती उगवते. तिच्यात आणि आपल्या ओव्यात थायमॉल हे एकच द्रव्य आहे. कोणाला ती बाटली मिळालीच, तर पेला नाकाशी धरून दुरून ओव्याचा वास येतो का ते पाहावे, आणि आम्हांला अवश्य कळवावे.