दुभाषी भाषा आणि आवर्तनांचा वेग

परकी भाषेंत बोलणारा वक्ता व्यासपीठावर आला, म्हणजे त्याच्या शेजारीं दुभाष्या उभा करावा लागतो. वक्त्यानें एक वाक्य उच्चारावें, दुभाष्यानें तें श्रोत्यांच्या भाषेंत सांगावें, मग पुढचें वाक्य, असा क्रम चालतो. या वक्त्यानें एकच वाक्य दहा लक्ष वेळां उच्चारण्याचा हट्ट धरला, तर दुभाष्यालाही तें दहा लक्ष वेळां सांगावें लागेल. दुसरा मार्ग असा कीं, भाषण अगोदर मागवून त्याचें सावकाश भाषांतर करून ठेवावें आणि सभेंत तेंच वाचून दाखवावें. संगणकाच्या भाषांचेही हेच दोन मुख्य पंथ आहेत. सी ही भाषा दुसऱ्या पंथांतली. पायथॉन ही पहिल्या पंथांतली असून तिचा जन्म ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंत झाला. तेथें काम करणारे गिडो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवली.

दृष्टांत फार ताणला कीं तुटतो, हें येथेंच सांगितलेलें बरें. पायथॉनचा दुभाष्या मूळ मजकूर दर वेळीं नव्यानें वाचीत नाहीं. आरंभींच तो त्या मजकुराचें बाइटकोड नांवाच्या आंखूड आज्ञांत रूपांतर करून ठेवतो आणि पुढें त्या आज्ञा एकामागून एक पाळतो. खरा वेळ जातो तो या पाळण्यांत. ‘या दोन वस्तूंची बेरीज कर’ एवढीच आज्ञा घ्या. ती उचलावयाची, ओळखावयाची, समोरच्या वस्तु संख्या आहेत कीं शब्द आहेत हें तपासावयाचें, त्या जातीची बेरीज कशी होते तें शोधावयाचें, आणि उत्तरासाठीं बहुधा एक नवी वस्तु निर्माण करावयाची. यंत्राच्या स्वतःच्या भाषेंत ही बेरीज एका आज्ञेंत आटोपते. एकदां करावयाच्या कामांत हा फरक कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. पण संगणकशास्त्री ज्याला लूप म्हणतात त्या आवर्तनांत तेंच काम लक्षावधि फेऱ्यांनीं होऊं लागलें, कीं निमिषांचे तास होतात, आणि मोजणीच्या उत्तरासाठीं थांबलेल्या संशोधकाची रात्र खुर्चींत जाते.

अशा वेळीं सुधारणेची घाई होते. परंतु सुधारणेच्या आधीं मोजमाप हवें, आणि तें दिसतें तितकें सोपें नाहीं. आजच्या यंत्रावर रिकाम्या आवर्तनाच्या एका फेरीस सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी काळ पुरतो. एवढा काळ एकेकटा मोजूं गेल्यास घड्याळ पाहण्याचाच खर्च त्याहून अधिक व्हावयाचा. म्हणून तोच तुकडा पुष्कळ वेळां चालवून एकंदर काळास संख्येनें भागतात. या कामासाठीं पायथॉनमध्यें २००३ सालापासून टाइमइट नांवाचें साधन आहे. सांगितलें नाहीं तर तें दिलेला तुकडा दहा लक्ष वेळां चालवितें, आणि तेवढ्यापुरती स्मृतींतील केरकचरा काढण्याची व्यवस्था बंद ठेवतें, म्हणजे झाडलोटीचा वेळ भलत्याच खातीं पडत नाहीं.

हा प्रयोग पांच वेळां केला तर पांच आंकडे मिळतात. त्यांची सरासरी काढावी, असें शाळेंत शिकलेल्या कोणालाही वाटेल. येथें तें चुकीचें ठरतें. यंत्र आपल्या सामर्थ्यापेक्षां अधिक वेगानें कधींच धावूं शकत नाहीं. तें मंदावतें मात्र अनेक कारणांनीं, कारण त्याच वेळीं तें दुसरीं दहा कामें करीत असतें. म्हणून सर्वांत लहान आंकडा सत्याच्या सर्वांत जवळचा. बाजारांतून येणाऱ्या माणसाचा चालण्याचा वेग काढावयाचा, तर वाटेंत भेटलेल्या स्नेह्यांशीं झालेल्या गप्पा त्यांत धरून कसें चालेल?

तरीही सावधगिरी हवीच. २००९ सालीं टॉड मिटकोविच आणि त्यांचे तीन सहकारी यांनीं एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांची परीक्षा सी भाषेंतील कार्यक्रमांवर होती. प्रत्येक कार्यक्रमासोबत यंत्रणा वापरणाराचें नांव, फायलींचे मार्ग इत्यादि माहितीचें एक लहान गांठोडें देत असते. केवळ त्या गांठोड्याचा आकार बदलल्यानें मोजलेला वेग बदलतो, असें त्यांनीं दाखविलें. कार्यक्रमाचें अक्षरही बदललेलें नसतां एखादी सुधारणा एका टेबलावर लाभदायक आणि शेजारच्या टेबलावर निरुपयोगी ठरावी, हें ऐकून शास्त्राभ्यासकांनीं अस्वस्थ व्हावें हें योग्यच होय.

मोजमापानें समजुती कशा उलटतात याचा एक नमुना खुद्द व्हान रॉसम यांनींच १९९० नंतरच्या दशकांत लिहून ठेवला आहे. त्यांच्या एका मित्रानें विचारलें कीं, अक्षरांचे संकेतांक असलेल्या संख्यांच्या यादीपासून शब्द बनविण्याचा उत्तम मार्ग कोणता? सरळ मार्ग असा कीं, एकेक संख्या घ्यावी, तिचें अक्षर करावें आणि तें शब्दाच्या शेवटीं जोडावें. आवर्तनाचा खर्च टाळण्यासाठीं एक चतुर रचना सुचविण्यांत आली. तींत आवर्तन भाषेच्या पोटांत लपलेलें होतें, पण दर संख्येमागें एका लहानशा फलनास हांक मारावी लागे. मोजून पाहतां ती सरळ मार्गापेक्षां ६० टक्के अधिक वेळ घेणारी निघाली, कारण हांक मारण्याचा खर्च फेरीच्या खर्चाहून मोठा होता. याच्या उलट, सर्व संख्यांचीं अक्षरें भाषेच्या अंगभूत फलनाकडून आधीं एकदम करवून घेतलीं आणि मग जोडलीं, तेव्हां काम दुप्पट वेगानें झालें. जागा अधिक लागली, एकाऐवजीं दोन आवर्तनें झालीं, तरीही वेग वाढला; खुद्द भाषेच्या जनकालाही याचें नवल वाटलें. पुढें जोडण्याचें कामही अंगभूत फलनाकडे सोंपविल्यावर वेग मूळच्या चार ते पांच पट झाला. या सगळ्यांतून निघणारें तत्त्व एकच: दुभाष्याला जितक्या कमी वेळां बोलावें लागेल तितकें बरें.

त्या वेळच्या अनेक युक्त्या पुढें मंत्रांसारख्या पाठ केल्या गेल्या, आणि तेथेंच घोटाळा झाला. ‘बाहेरचें नांव आवर्तनापूर्वीं स्थानिक नांवांत घेऊन ठेवा’ ही त्यांतलीच एक. बाहेरचें नांव दर फेरीस कोशांत शोधावें लागे, तोंवर ती खरी होती. ऑक्टोबर २०२२ मध्यें आलेल्या ३.११ या आवृत्तींत दुभाष्या स्वतःच शहाणा झाला. एखादी आज्ञा पुनः पुनः त्याच जातीच्या वस्तूंवर चालतांना दिसली, कीं तो तिच्या जागीं त्या जातीपुरती खास आज्ञा बसवितो, आणि नांव कोठें सांपडलें हेंही ध्यानांत ठेवतो. प्रमाणभूत कसोट्यांच्या संचावर ही आवृत्ति आधीच्या आवृत्तीपेक्षां सरासरीनें सव्वापट वेगवान ठरली. त्या जुन्या युक्तीचा लाभ आतां पुष्कळ कमी राहिला आहे. तिनें वाचनास आणलेली अडचण मात्र होती तेवढीच आहे. वीस वर्षांपूर्वींचा आंकडा आज उद्धृत करणें म्हणजे जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढणें होय.

सर्वांत मोठी वेगवृद्धि होते ती आवर्तन दुभाष्याच्या हातूनच काढून घेतल्यानें. नमपाय या साधनसंचांत संख्या एकाच जातीच्या दाट ओळींत मांडलेल्या असतात आणि त्यांवरील आवर्तन सी भाषेंत चालतें. पण या वेगाची एक किंमत आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १ पासून १ लक्षापर्यंतच्या सर्व संख्यांच्या घनांची बेरीज करावयाची आहे असें समजा. साध्या पायथॉनच्या संथ आवर्तनानें उत्तर येतें २५०००५००००२५००००००००. तेंच काम नमपायच्या ६४ बिटांच्या पूर्णांकांवर केलें, तर उत्तर कितीतरी लवकर येतें, पण तें ६५५३७५५९२८७९०४४८३८४ असें येतें. पायथॉनची संख्या हवी तेवढी वाढते. नमपायच्या घरांत ९२२३३७२०३६८५४७७५८०७ याच्या पलीकडे जागाच नाहीं, आणि भरून वाहिलेलें पाणी कोणासही न कळवितां नाहींसें होतें. उत्तर ऋण आलें असतें तर निदान शंका तरी आली असती. येथें तें चांगलें धन, भारदस्त आणि चुकीचें आहे! घड्याळ लावणाऱ्यानें वेगाची नोंद आनंदानें केली असेल. दोन्ही उत्तरें शेजारीं ठेवून पाहण्याची तसदी किती जण घेतात?

या विशिष्ट गणितास मात्र आवर्तनाची मुळींच आवश्यकता नाहीं. लीलावतींत भास्कराचार्यांनीं क्रमवार संख्यांच्या बेरजेस संकलित म्हटलें आहे, आणि घनांची बेरीज ही त्या संकलिताचा वर्ग असते हेंही तेथें सांगितलें आहे. १ लक्षाचें संकलित ५००००५००००. त्याचा वर्ग करण्यास एक गुणाकार पुरतो. साधा पायथॉन तो निमिषार्धांत करितो, आणि उत्तराचे वीसही अंक बरोबर येतात.