तराजू कोणाच्या हातात?



लहान धंदा पद्धतशीरपणे कसा वाढवावा, ह्या विषयावर मी बोलणार असे पत्रिकेत वाचून आमच्या संघटनेतल्या एका सोबत्याने विचारले, “काय हो, मालकांच्या बाजूला कधी गेलात?” मी म्हटले, बाजू बदललेली नाही. लहान कारखाना बसला की पहिली चूल कामगाराची विझते. तेव्हा तो नीट चालावा, ही चिंता आमचीही आहे.

आमच्या सोलापुरात टॉवेल विणणारा एक कारखानदार आहे. आठ माग. माणूस कष्टाळू, परंतु सूत किती आले, कोणाला किती द्यायचे, कोणती मागणी आधी पुरी करायची, हे सारे त्याच्या डोक्यात. मुलीच्या लग्नासाठी तो आठ दिवस गावी गेला आणि तिसऱ्या दिवशी माग थांबले. सूत गोदामात पडलेले, पण कशाचे काय विणायचे ते कोणालाच ठाऊक नाही. लग्न मालकाच्या घरी, आणि मजुरी बुडाली विणकरांची! जो धंदा मालकाच्या डोक्यात मावतो, तो त्या डोक्याएवढाच राहतो.

मग उपाय सोपा आहे, असे तुम्ही म्हणाल. नियम करा, वह्या घाला, मापे ठरवा. थांबा. नुसत्या पद्धतीने काय होते, ते मी लहानपणी पाहिले आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. हिशेब शिकलो तो आईच्या बिडीच्या कार्डावर. कारखान्यातून पाने आणि तंबाखू वजनाने मिळे. घरी बिड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या, मोजणी व्हायची, कार्डावर आकडा पडायचा. पद्धत चोख होती. पण पाने कमी भरत, आणि उणी पडलेली पाने आई पदरच्या पैशांनी विकत घेई. मोजणारा मूठभर बिड्या बाजूला सारी. तिला छाट म्हणत. छाट का पडली ते सांगत नसत; तिची मजुरी मिळत नसे आणि त्या बिड्याही परत मिळत नसत. एकदा मी घरी हजार मोजून दिल्या आणि कार्डावर साडेआठशे आले. अकरा वर्षांचा पोर मी. कार्ड घेऊन विचारायला गेलो. उत्तर मिळाले नाही. आईला मात्र तीन दिवस पाने मिळाली नाहीत.

बिडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ साली कायदा केला. छाटीवरून होणाऱ्या तंट्यांचाही त्यात विचार होता. पण कायदा दिल्लीत आणि मोजणाऱ्याची मूठ सोलापुरात!

आता दुसरे चित्र पाहा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटे. हीच पुढे ‘लिज्जत’ झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. अडचण आली, तिच्यावर तोड काढली आणि ती तोड कामाचा भाग करून टाकली. पद्धत म्हणजे दुसरे काय? पैसे देणारे छगनलाल पारेख ह्यांचा आग्रह दोनच गोष्टींचा होता: माल एकाच प्रतीचा हवा आणि हिशेब लिहिलेला हवा.

तिथली रीत ऐका. पीठ सकाळी शाखेत मळायचे, वजन करून वाटायचे, पापड घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, ते तपासून, तोलून घ्यायचे आणि पैसे हातावर ठेवायचे. बंधुभगिनींनो, ही तर माझ्या आईचीच रीत! कच्चा माल तोलून देणे, काम घरी, परत घेताना पारख. उक्ते कामही तेच. ज्या दिवशी लाटणार नाही, त्या दिवशी मजुरी नाही. तो उणेपणा मी झाकत नाही. मग फरक कुठे? फरक एवढाच, की तिथे तराजूच्या दोन्ही बाजूंना लाटणाऱ्या बहिणीच आहेत. कारभार पाहणारी समिती त्यांच्यातलीच, आणि नफातोटा सर्वांनी समान वाटून घ्यायचा. ज्या १९६६ साली बिडीचा कायदा झाला, त्याच साली ह्या संस्थेची नोंदणी झाली. आज तिच्या सभासद बहिणी सुमारे ४५ हजार आहेत.

टॉवेलवाल्याचे सांगायचे राहिले. तो परतला तेव्हा आम्ही भांडायला गेलो होतो, भांडण झालेही. शेवटी ठरले की तीन वह्या भिंतीला खिळ्यावर टांगायच्या. पहिलीत सुताची आवकजावक, दुसरीत रोजचे काम आणि मजुरी, तिसरीत खराब निघालेला माल आणि त्याचे कारण. वही कोणीही उघडून पाहावी. कारण लिहिल्याशिवाय मजुरी कापायची नाही, ही आमची अट. मालक कुरकुरला, पण कबूल झाला.

महिन्याने तिसरी वही वाचली. खराब मालातला बहुतेक माल एकाच मागाचा होता. विणकर पाळीपाळीने बदलत होते, दोष मात्र त्याच मागावर पडत होता. ज्या विणकराची मजुरी वर्षभर कापली गेली, तो खाली मान घालून उभा होता. मालकाने माग दुरुस्त केला आणि कापलेले पैसेही हप्त्याहप्त्याने दिले. आज तिथे दहा माग चालतात, आणि मालक गावी गेला तरी चालतात.

तेव्हा धंदा वाढवू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. पद्धत अवश्य घाला. लिहून घाला, सर्वांना दिसेल अशी टांगा. आणि नियम कामगाराला लावाल, तसा स्वतःलाही लावा. माझ्या आईच्या कार्डावर आकड्याला जागा होती, कारणाला नव्हती. तुमच्या वहीत तेवढा एक रकाना अधिक आखा.