सौद्याची पारख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



याच सभागृहात माझी आई शिवणवर्गाला येत असे आणि मी तिच्या पायाशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करीत असे. तिथेच आज तुम्ही मला बोलायला उभे केलेत, हा तुमचा लोभ. मी काही वक्ती नव्हे. गेली पुष्कळ वर्षे मी अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी राहते. चिटणीसबाईंनी पत्रात लिहिले होते, "तुमच्या धंद्याविषयी सांगा, पण आम्हाला समजेल असे सांगा." तसाच प्रयत्न करते. कुठे अडले तर खुशाल थांबवा.

माझा धंदा पडक्या-झडक्या घरांचा. असे घर घ्यायचे, नीट दुरुस्त करायचे आणि विकायचे. तिकडे याला ‘फ्लिपिंग’, म्हणजे उलटणे म्हणतात. तव्यावरची भाकरी उलटतात ना, तसे. वेळेवर उलटली तर पापुद्रा सुटतो, नाहीतर करपते. माझी पहिली भाकरी करपली. आज मुख्यतः तिचीच गोष्ट सांगणार आहे.

पिट्सबर्ग हे एके काळी पोलादाचे शहर. १९८० च्या दशकात तिथले कारखाने भराभर बंद पडले, तरुण माणसे पोटामागे बाहेर गेली, आणि म्हाताऱ्या आईबापांची विटांची घरे डोंगरउतारांवर मागे राहिली. घरमालक वारला, कर थकला, छप्पर गळू लागले, की असे घर विकायला निघते. मग तिथे ‘होलसेलर’ म्हणून एक मधला माणूस येतो. नाव घाऊक व्यापाऱ्याचे, पण याच्या दुकानात माल नसतोच. तो अडलेल्या मालकाला गाठतो, थोडासा विसार देऊन त्याच्याशी साठेखत करतो, आणि घर स्वतः न घेता ते साठेखतच माझ्यासारखीला विकतो. मालकाला कबूल केलेली किंमत आणि मी देते ती किंमत यांतला फरक ही त्याची कमाई. घरावर त्याचे नाव एक दिवसही लागत नाही.

हा होलसेलर आपल्याला जो कागद पाठवतो, त्यावर तीन आकडे ठळक असतात. घर किती डॉलरला मिळेल, दुरुस्तीला किती लागतील, आणि दुरुस्तीनंतर ते कितीला विकले जाईल. भगिनींनो, यांतला पहिला आकडा तेवढा खरा. उरलेले दोन हे त्याचे मनोराज्य असते. पण हे मला कळायला पैसे मोजावे लागले.

२०१२ साली माझ्या हाती असाच एक कागद आला. किंमत ७२ हजार, दुरुस्ती २५ हजार, विक्री १ लाख ६० हजार. या धंद्यात एक सत्तर टक्क्यांचा ठोकताळा आहे. दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. उरेल त्याहून अधिक पैसे घराला द्यायचे नाहीत. राहिलेल्या तीस टक्क्यांतच व्याज, कर, विमा, दलाली, कागदपत्रे आणि आपला नफा बसवायचा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडला. १ लाख ६० हजारांचे सत्तर टक्के १ लाख १२ हजार, वजा २५, राहिले ८७ हजार. आणि घर तर ७२ हजारांना मिळत होते! पंधरा हजार वाचले म्हणून त्या रात्री मी शिरा केला.

यजमानांनी विचारले, "आकडे तू तपासलेस का?" मी म्हटले, "हे काय, तपासले की." मी बेरीज-वजाबाकी तपासली होती. आकडे तपासलेच नव्हते.

आता काय काय चुकले ते क्रमाने सांगते.

पहिली चूक विक्रीच्या किमतीची. होलसेलरने आसपास विकल्या गेलेल्या तीन घरांचे दाखले दिले होते. तिन्ही दाखले खरे होते. पण ती घरे मोठ्या रस्त्याच्या पलीकडची होती. पिट्सबर्ग ज्या काउंटीत आहे, तिच्यात १३० नगरपालिका आहेत. रस्ता ओलांडला की नगरपालिका बदलते, शाळा बदलते, कर बदलतो आणि घराची किंमतही बदलते. मुलांची चांगली शाळा हेच तिथे घराचे मोठे मोल. माझ्या घराची खरी किंमत निघाली १ लाख २८ हजार. तेव्हापासून दाखले मी स्वतःच शोधते. गेल्या सहा महिन्यांत विकलेली, त्याच शाळेच्या हद्दीतली, तेवढ्याच खोल्यांची आणि जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रफळाची घरे घेते. किंमत धरते ती खरेदीखतात लागलेली, जाहिरातीत मागितलेली नव्हे. काउंटीच्या संकेतस्थळावर ही माहिती कोणालाही पाहता येते. मंडईत आपण भाजीवालीच्या शब्दावर भाव मानतो का? चार गाळे फिरतोच ना!

दुसरी चूक दुरुस्तीची. मी भिंतीचा रंग, फरशी, ओटा पाहून आले. जे दिसत नाही तिथे पाहिलेच नाही. त्या जुन्या घरांतून सांडपाणी नेणारे नळ भाजक्या मातीचे असतात, त्यांत झाडांची मुळे शिरतात. ते बदलायला ९ हजार गेले. तळघराची भिंत मागच्या मातीच्या दाबाने आत फुगली होती, तिला ८ हजार. विजेच्या जुन्या तारा आणि शिशाचा रंग यांनी ५ हजार घेतले. घरांसाठी शिशाचा रंग अमेरिकेत १९७८ साली बंद झाला, पण त्याआधीच्या घरांत तो असू शकतो. लहान मुलांच्या पोटात त्याची धूळ गेली तर बुद्धीवर परिणाम होतो. म्हणून २०१० पासून तो खरवडण्याचे काम शिकलेल्या, दाखला असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावे लागते. २५ हजारांचे ४७ हजार असे झाले. आता मी नळात कॅमेरा सोडल्याशिवाय आणि तळघरात विजेरी घेऊन तासभर काढल्याशिवाय कागदावर सही करीत नाही.

तिसरी चूक वेळेची. घर हाती असते तितके दिवस व्याज चालू असते.     आठ महिने गेले.

शेवटचा हिशेब सांगते. घर ७२, दुरुस्ती ४७, खरेदीचा खर्च २, कर्जाचे व्याज आणि शुल्क ८, कर-विमा-वीज ३, विक्रीची दलाली आणि कर ९. एकूण १ लाख ४१ हजार. घर विकले १ लाख २६ हजारांना. कागदावर पंधरा हजार वाचले होते, ते पदरचे पंधरा हजार गेले. लेकीच्या कॉलेजची फी त्या वर्षी भरायची होती. आईने दिलेल्या पाटल्या मी मोडल्या. यजमान एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

चूक काही माझ्यासारख्या बाईचीच होते असे नाही. झिलो नावाची मोठी कंपनी यंत्राच्या अंदाजावर हजारो घरे घेत होती. विकून येतील त्याहून अधिक पैसे बऱ्याच घरांना देऊन बसल्यावर, नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने तो उद्योग बंद करीत असल्याचे जाहीर केले. एवढी हुशार माणसे पदरी असून घराची पुढची किंमत त्यांना नेमकी सांगता आली नाही. मग एका पानाच्या कागदावर कोणी ती छातीठोकपणे सांगत असेल, तर आपण सावध व्हायला नको का?

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, की आकडे पक्के असले म्हणजे सौदा चांगला. मलाही तसेच वाटत होते.

२०१९ साली एक कागद आला. घर ६१ हजार. या वेळी सगळे मी स्वतः तपासले. खरी विक्री १ लाख ४० हजार, खरी दुरुस्ती ३० हजार. ठोकताळ्याने ६८ हजारांपर्यंत द्यायला हरकत नव्हती. सौदा उत्तम! घर पाहायला गेले, तर दार एका ऐंशीच्या घरातल्या बाईंनी उघडले. नवरा पोलादाच्या कारखान्यात होता, तो वारला होता. त्यांनी मला चहा दिला आणि विचारले, "तुम्ही त्या मुलाच्या भागीदार ना? मला उन्हाळ्यापर्यंत इथे राहू द्याल का?" बोलता बोलता त्यांनी आपले साठेखत दाखवले. त्यांना मिळणार होते ३८ हजार. मधले २३ हजार त्या मुलाचे. आपला कागद पुढे विकला जातो आहे, हे त्यांना माहीतच नव्हते. घर तोच घेणार असे त्या समजत होत्या.

भगिनींनो, मी काही बोलले नाही. "कळवते" म्हणून बाहेर पडले. सौदा घेतला नाही, एवढेच. मनाशी म्हटले, आपले हात स्वच्छ राहिले. चार दिवसांत ते घर दुसऱ्या कोणी घेतले. बाईंना ३८ हजारच मिळाले असणार. "सही केलेला कागद एखाद्या वकिलाला दाखवा," एवढे एक वाक्य मी बोलू शकले असते. ते मी बोलले नाही. पंधरा हजार मी केव्हाच भरून काढले, पण हे वाक्य राहिले ते राहिलेच.

आता माझा नियम असा आहे. मालकाबरोबर झालेले मूळ साठेखत मी आधी मागते. त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हे जसे त्यातून शोधता येते, तसे मालकाच्या हाती काय पडते तेही दिसते. होलसेलर कागद दाखवीना, "संध्याकाळपर्यंत विसार भरा, तिघे रांगेत आहेत" म्हणू लागला, की मी पर्स बंद करते. आणि मालकाशी समोरासमोर बोलून, सौदा काय आहे हे त्याला समजले आहे ना, एवढे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. यात काही सौदे सुटतात. सुटू देत. सगळेच होलसेलर लबाड असतात असे नाही. दोघे तर असे आहेत, की मालकाला सगळे आधीच उघड सांगतात. त्यांच्याकडूनच मी बहुतेक घरे घेते. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यानेही २०२४ साली कायदा करून होलसेलरांना परवाना सक्तीचा केला आणि मालकाला ठरावीक मुदतीत करार मोडण्याचा हक्क दिला. जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. त्या बाईंना तो सहा वर्षे उशिराच झाला.

हे दूरदेशीचे पुराण तुम्हाला कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या गावातही जुने वाडे आहेत. त्यांत एकट्या राहणाऱ्या मावश्या-काकू आहेत, आणि त्यांच्या दारी पुनर्विकासाचे कागद घेऊन येणारी गोड बोलणारी मुले आहेत. असा कागद आला तर सही करण्याआधी तो मंडळात आणा. इथे चार जणी मिळून वाचा, समजले नाही तर वकिलाकडे जा. आणि शेजारणीच्या हातात असा कागद दिसला, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका.