रबराचें कडें

स्वयंपाकघरांतील गॅसचा सिलिंडर बदलतांना आपलें लक्ष बहुधा त्याच्या जड लोखंडी देहाकडे असतें. 14.2 किलो वायु पोटांत सांठविणारें तें भांडें भक्कम असतें यांत शंका नाहीं. परंतु घराची सुरक्षितता त्या लोखंडाइतकीच, सिलिंडरच्या तोंडांत बसविलेल्या, अंगठीहूनही लहान अशा एका रबरी कड्यावर अवलंबून असते. घरोघर त्याला 'वॉशर' म्हणतात. आज त्याच्याविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

धातूचे दोन तुकडे कितीही नीट घडविले तरी त्यांच्या सांध्यांत सूक्ष्म फट राहतेच. आपल्या डोळ्यांस ती दिसत नाहीं. वायूला मात्र ती उघड्या दारासारखी असते. म्हणून खोबणींत रबराचें गोल कडें किंचित् दाबून बसवितात. आंतून वायूचा दाब आला कीं तें खोबणीच्या दुसऱ्या कडेस सरकतें, चेपतें आणि फट अधिकच घट्ट बुजवितें. जो बाहेर पडूं पाहतो, त्याच्याच बळानें दार लागतें! आज वापरांत असलेल्या कड्याची ही रचना, डेन्मार्कमध्यें जन्मून अमेरिकेंत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सन या यंत्रज्ञानें सिद्ध केली. 1937 सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, तेव्हां त्याची सत्तरी उलटलेली होती. आम्हां निवृत्त मंडळींना ही गोष्ट विशेष आवडावी हें साहजिकच आहे.

या कड्याचा सारा गुण त्याच्या लवचिकपणांत आहे. दाबल्यावर तत्काळ मूळ आकारास येण्याची शक्ति गेली, कीं कडें असून नसल्यासारखें. 28 जानेवारी 1986 रोजीं अमेरिकेचें 'चॅलेंजर' हें अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालें आणि सात माणसें प्राणांस मुकलीं. कडाक्याच्या थंडीनें अग्निबाणाच्या सांध्यांतील अशींच रबरी कडीं ताठरलीं होतीं. पुढें चौकशीच्या वेळीं रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकानें त्या रबराचा तुकडा चिमट्यांत धरून बर्फाच्या पाण्यांत बुडविला. चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत् होत नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें. शाळेंत दाखवितां येण्याजोगा तो प्रयोग होता.

आतां आपल्या घरीं येऊं. सिलिंडरच्या तोंडाशीं वायु दोन ठिकाणीं गळूं शकतो. एक, मधल्या झडपेंतून. ही गळती टोपण काढतांच कळूं शकते. दुसरी गळती कड्यापाशीं. आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. रेग्युलेटर बसवून तो चालू करीपर्यंत कड्यावर दाबच येत नाहीं, म्हणून झीज झालेलें, चिरलेलें किंवा मुळांतच नसलेलें कडें तोंवर आपला दोष उघड करीत नाहीं. यास्तव सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाकडून दोन्ही परीक्षा करवून घ्याव्या. रेग्युलेटर बसवून, शेगडीच्या कळा बंद ठेवून, तो चालू करावा आणि सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले तर गळती आहे. रेग्युलेटरच्या बुडाशीं आले तर कड्याचा संशय घ्यावा. रबरी नळीच्या टोकाशीं आले तर नळीचा. काडी ओढून गळती शोधण्याचें साहस मात्र कोणींही, कधींही करूं नये.

बुडबुडे दिसल्यावर रेग्युलेटर जोरानें दाबून कांहीं साधत नाहीं. कारण उणीव बळाची नसून रबराची असते. त्यावर दोरा गुंडाळणें किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसविणें हा घरगुती हुशारीचा मार्ग तर अधिकच घातक. साधें रबर अशा वायूच्या संसर्गानें फुगतें व मऊ पडतें. म्हणून हें कडें निराळ्या, कृत्रिम रबराचें करतात. तें आपण टोंचून काढूं नये. जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावें, नाहीं तर सिलिंडरच परत करावा. दाराशीं उभा असलेला माणूस घाईंत असतो हें खरें. पण या दोन मिनिटांवर आपला हक्क आहे.

आणि रात्रीं अपरात्रीं वास आलाच तर? या वायूला स्वतःचा वास नसतो. आपणांस सावध करण्यासाठींच तो त्यांत मिसळलेला असतो. म्हणून त्याची उपेक्षा करूं नये. दिव्याचें बटण लावूंही नये आणि बंदही करूं नये, कारण ठिणगी दोन्ही वेळां उडूं शकते. घरांत कोठें ज्योत असेल तर ती विझवावी. रेग्युलेटर बंद करून काढावा व टोपण घट्ट बसवावें. हा वायु हवेहून जड, जमिनीलगत सांचणारा. म्हणून केवळ उंच खिडकी नव्हे, तर दारेंही सताड उघडावीं. मग मुलांमाणसांसह बाहेर पडून, तेथून 1906 या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

सिलिंडरच्या दोरीला बांधलेलें तें टोपण अडगळ समजून फेकून देण्याची चाल अनेक घरांत आहे. कडें निकामी झालें असतां तेंच आपला शेवटचा पहारेकरी असतें. तेव्हां श्रोतेहो, आज रात्रीं निजण्यापूर्वीं तें जागेवर आहे ना, एवढें पाहून घ्यावें, ही विनंती.